दोरीखालचा ढोल

मित्रांनो, मला तोंडे दोन आहेत आणि दोन्हींवर मी आयुष्यभर मार खाल्ला आहे. वाईट वाटून घेऊ नका. ढोलाला मार म्हणजे जेवण. एक दिवस कोणी हात लावला नाही तर आम्हाला चैन पडत नाही. आता मात्र मी बरीच वर्षे उपाशी आहे. एका पडवीत किमचीच्या, म्हणजे आंबवलेल्या कोबी-मुळ्याच्या, रांजणांशेजारी आडवा पडलो आहे. माझे एक कातडे फाटले आहे आणि दुसऱ्यावर उंदरांनी दात लावून पाहिले आहेत. माझी कोणी कीव करावी म्हणून मी बोलत नाही. बुनी नावाच्या एका बाईबद्दल आमच्या भागात एक खोटी गोष्ट सांगितली जाते. खरे काय ते फक्त तिला आणि मला ठाऊक आहे, आणि ती काही बोलायची नाही. म्हणून मला बोलणे भाग आहे.

माझा जन्म कोरियातल्या एका डोंगराळ खेड्यात झाला. माझ्यासारख्या ढोलाला आमच्याकडे जांगू म्हणतात. कंबर बारीक, दोन्ही टोके फुगलेली. डमरूला खाऊपिऊ घालून वाढवला तर तो असाच दिसेल. मला घडवले प्यो घराण्यातल्या म्हाताऱ्याने, बुनीच्या बापाने. तो दोरीवर चालून पोट भरणारा कलावंत होता. आमच्याकडे मुलगी जन्मली की अंगणात हलक्या लाकडाचे एक झाड लावतात आणि तिच्या लग्नात त्याच झाडाचे कपाट करून देतात. बुनीच्या जन्माचे झाड चांगले वाढले होते. एका सकाळी म्हाताऱ्याने त्यावर कुऱ्हाड चालवली आणि कपाटाऐवजी मला कोरले.

बुनीची आई कपाळाला हात लावून बसली. “अहो, पोरीचं कपाट तोडलंत तुम्ही! लग्नात काय देणार तिला?”

“कपाटात ठेवायला आहे काय आपल्याकडं?” म्हातारा म्हणाला. “कपाट सासरी जाईल. ढोल घरात राहील.”

तसेच झाले. ढोल घरात राहिला आणि ढोलामुळे बुनीही राहिली. तिचा थोरला भाऊ गिलबोक दोरीवर चढला आणि ती दोरीखाली बसली. लग्न करायचे राहूनच गेले.

म्हाताऱ्याने दोघांना शिकवले ते मारून-मुटकून. गिलबोकच्या पायांना बांबूची छडी बसे, बुनीच्या बोटांना. एक नियम त्याने बुनीच्या डोक्यात ठोकून बसवला होता. “दोरीच्या टोकाखाली बसायचं आणि तिथून हलायचं नाही. वरच्या माणसाला खाली बघता येत नाही. ढोल जिथं वाजतो तिथं दोरी संपते, एवढंच त्याला कळायला हवं. पाऊस येवो, आग लागो, तू जागा सोडलीस तर तू माझी पोरगी नाहीस.” म्हातारा कठोर होता. मला तो कधी आवडला नाही, पण हे त्याचे म्हणणे खरे होते.

मग आमचे चांगले दिवस आले. बाजार, जत्रा, कोणाची साठी, कोणाचे नवे घर, सगळीकडे आम्हाला बोलावणे यायचे. आधी दोरी ज्यांवर ताणतात त्या खांबांच्या पायाशी सुका मासा ठेवून भाताची दारू ओतायची, हात जोडायचे, मग गिलबोक हातात पंखा घेऊन वर चढायचा. वर गेल्यावर तो नुसता चालत नसे. भावा-बहिणीचे भांडण सुरू व्हायचे, आणि लोक त्यासाठीच यायचे.

“खाली कोण म्हातारी बसलीय?” तो वरून विचारायचा.

“तुझी बहीण.”

“शक्य नाही. माझी बहीण चांगली तरणीताठी आहे.”

“होते रे. तू वर चढलास तेव्हा होते. तू उतरेपर्यंत ही गत झाली!”

मी मधेच गडगडायचो, लोक पोट धरून हसायचे, आणि हसता हसता गिलबोक दोरीवर बसून उसळी घ्यायचा. हवेत गिरकी घेऊन तो पुन्हा दोरीवर पाय टेकवायचा तेव्हा लहान मुले श्वास रोखून धरायची. माझी छाती अभिमानाने भरून यायची. त्याची प्रत्येक उसळी माझ्या ठेक्यावर होती, हे मी कशाला लपवू?

दिवस कोणाचे तसेच राहत नाहीत. घरोघरी टीव्ही आले, बाजाराच्या जागी मोठी दुकाने आली. दोरीचा खेळ मागे पडला. आम्ही काही वर्षे अडगळीतच गेल्यासारखे झालो. पुढे शहरांना मोकळ्या मैदानातल्या कलामहोत्सवांची हौस आली आणि पुन्हा बोलावणी येऊ लागली. पण आता आम्ही एकटे नव्हतो. मैदानभर कलावंतच कलावंत असायचे. मुखवटे घालून नाचणारे, काठीवर थाळ्या फिरवणारे, हातात पंखा घेऊन लांबलचक कथा गाणारी बाई, अंगाला चंदेरी रंग फासून पुतळ्यासारखा उभा राहणारा माणूस, साबणाचे घराएवढे फुगे करणारे जोडपे, समोर बसवून पाच मिनिटांत माणसाचे नाक वाकडे काढणारा चित्रकार, आणि गिटारी घेतलेली तरुण पोरे. तंबूमागे सगळे एकाच पिंपातले पाणी प्यायचे. चंदेरी माणसाचा रंग घामाने ओघळला की कथा गाणारी बाई त्याचे तोंड पुसायची. पोट सगळ्यांचेच टाळ्यांवर होते.

थाळ्या फिरवणारा सामचिल आमच्याच मेळ्यातला, गिलबोकचा जुना मित्र. माणूस मनाने चांगला, पण तोंडात तीळ भिजत नसे. आज त्याला सांगितलेले उद्या मैदानभर झालेले असायचे.

गिलबोकच्या डोळ्यांचे मला कळले ते एका खेळाआधी. त्याने पंखा उचलायला हात घातला आणि बुनीची बांबूची काठी उचलली.

“दादा, पंखा त्या बाजूला आहे,” बुनी म्हणाली.

“माहीत आहे मला.”

“हातात माझी काठी आहे तुझ्या.”

त्याने काठी खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, “कडेनं काळं होत होत आत आलंय. आता मधे एक भोक उरलंय, सुईच्या नाकाएवढं.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“म्हणाले, गेलं ते परत येत नाही. उरलंय तेही जाईल.”

“मग आजपासून दोरी बंद.”

“बुनी, ऐक. खाली उतरलो की मी एक आंधळा म्हातारा. वर आहे तोवर मी गिलबोक. तुला कोण हवाय ते तू ठरव. पण कोणाला सांगितलंस तर मी मेल्यावर माझ्या पूजेला भातसुद्धा ठेवू नकोस.”

ती खूप रडली, पण कोणाला काही बोलली नाही. मित्रांनो, इथेच खरी चूक झाली असे मला वाटते. भावाची लाज राखायला निघालेल्या बहिणीला चूक म्हणावे की नाही, ते तुमचे तुम्ही ठरवा.

त्यानंतर त्याचे डोळे म्हणजे मीच झालो. दोरी त्याच्या तळपायांना पाठ होती, तिला बघायची गरज नव्हती. अवघड होते ते उसळीनंतरचे. हवेत गिरकी घेऊन खाली आल्यावर तोंड कुठे आणि पाठ कुठे, हे त्याला समजत नसे. तेव्हा तो क्षणभर थांबायचा आणि मला ऐकायचा. जिकडे मी तिकडे दोरीचे टोक. बुनी आता अधिक खणखणीत वाजवू लागली. जमिनीवर तो सामचिलच्या खांद्यावर हात टाकून चालायचा. लोक म्हणायचे, गिलबोकला भाताच्या दारूचा नाद लागला. गिलबोक मुद्दाम थोडा झोकांड्या खायचा आणि लोकांचा समज पक्का करायचा. दारुड्या म्हटलेले त्याला चालत होते.

असे दोन-तीन हंगाम निभले. मग एका शरदात नदीकाठच्या एका गावाने आम्हाला महोत्सवाला बोलावले. तिथली सगळी व्यवस्था हेरिन नावाची तरुण बाई पाहत होती. जुन्या खेळांवर तिचा जीव. तिने भांडून आम्हाला मैदानाची मधली जागा मिळवून दिली होती. दोरी लोकांसमोर आडवी बांधली, बुनी मला घेऊन नदीकडच्या टोकाखाली बसली. लोकांच्या दोन्ही बाजूंना स्पीकरचे उंच मनोरे उभे होते. खेळाआधी हेरिन हातात एक छोटा माईक घेऊन आली.

“मावशी, ढोलापाशी हा लावू का?”

“नको गं. ढोलाचा आवाज ढोलातूनच यायला हवा.”

“पण मागच्यांना काहीच ऐकू येत नाही. तुम्ही दोघं एवढे विनोद करता आणि मागचे बिचारे पुढच्यांची हलणारी डोकी बघतात.”

“बघू देत. आमच्या बापापासून असंच चाललंय.”

“पलीकडच्या रंगमंचावर त्या पोरांचं गाणं आहे. तुमचा खेळ होईपर्यंत थांबा म्हटलंय मी त्यांना, पण पोरंच ती. मी माईक बंदच ठेवते, लागलाच तर चालू करू. चालेल ना?”

बुनीच्या बोटांना घाम फुटलेला मला कळत होता. खरे कारण तिच्या ओठांवर आले होते. पण सामचिल शेजारीच थाळ्या पुसत बसला होता.

“अगं लावून घे की,” तो म्हणाला. “फुकट मोठा आवाज मिळतोय तर नखरे कसले?”

“काही नखरे नाहीत.”

“मग अडचण काय आहे?”

अडचण काय आहे, हे सांगायचे कसे? तेवढ्यात गिलबोकच हसला. “लावा हो, लावा! हिचा आवाज सगळ्या जिल्ह्याला कळू दे. मी एकट्यानंच किती सोसायचा?” सगळे हसले. बुनी हसली नाही. विषय वाढला तर कोणाला तरी संशय येईल, या भीतीने तो हसला होता. हेरिनने माईक माझ्या कडेला अडकवला, आणि बुनीच्या तोंडापाशी दुसरा.

खेळ छान रंगला. इतके लोक मी आयुष्यात पाहिले नव्हते. मुखवटेवाले मुखवटे काढून बघत उभे होते, चंदेरी माणूस आपली पुतळ्याची जागा सोडून आला होता. गिलबोक नदीकडे चालत आला, मग उलट्या पावलांनी मागे गेला. दोरीवर मांडी घातली, मिशीला पीळ दिला, खालच्या बायकांना उगीचच नमस्कार केला. भांडणही झकास चालले होते.

“वर हवा कशी आहे रे दादा?”

“तू खाली आहेस म्हणून छान आहे!”

आणि तेव्हा पलीकडची गाणी सुरू झाली. पोरांनी थांबायचे कबूल केले होते, पण त्यांच्यासमोरचे लोक ओरडू लागले तशी त्यांना राहवले नाही. जमीन हादरेल असा आवाज होता. आमच्या मागच्या रांगांतून लोक ओरडले, “ऐकू येत नाही!” हेरिनने आमच्या काळजीनेच हात वर करून आवाज सांभाळणाऱ्याला खूण केली आणि माझा आणि बुनीचा, दोन्ही माईक चालू झाले.

मित्रांनो, त्या क्षणाबद्दल कसे सांगू? बुनीने माझ्यावर काठी मारली आणि माझा आवाज दूर लोकांच्या बाजूला, त्या मनोऱ्यातून आला. मी इथे होतो आणि माझा आवाज तिथे होता. माझा खरा आवाज त्या मोठ्या आवाजाखाली गाडला गेला. गिलबोकने तेव्हाच उसळी घेतली होती.

बुनीला एका ठोक्यात सगळे उमगले. तिचा हात थांबला. पण ढोल थांबला तर वरच्या माणसाला काहीच आधार उरत नाही, म्हणून तिने पुन्हा वाजवायला घेतले. मग ती जिवाच्या आकांताने ओरडली, “दादा, खाली बस! दोरी धर!” तिच्या तोंडापाशी माईक होता. तिची हाकही तिकडूनच गेली, लोकांच्या बाजूने.

गिलबोकचे पाय दोरीवर बरोबर टेकले होते. तो नेहमीसारखा थांबला, त्याने कान दिला. बहीण बोलावते आहे तिकडे त्याने तोंड वळवले, आणि ज्या विश्वासाने तो आयुष्यभर चालत आला होता त्याच विश्वासाने हवेत पाऊल टाकले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तोही खेळच वाटला.

खाली गाद्या अंथरल्या होत्या. तो त्यांच्या कडेबाहेर पडला. बुनी मला उलटा टाकून धावली, सामचिल थाळ्या फेकून धावला. तिने भावाचे डोके मांडीवर घेतले. मी चार पावलांवर गवतात पडलो होतो आणि माईक मेला होता. गिलबोकला बोलता येत होते.

“बुनी,” तो म्हणाला, “कान पण गेले का गं माझे?”

त्याच्या आवाजात दुखण्यापेक्षा भीती जास्त होती. डोळे गेले तरी कान आहेत, या एका गोष्टीवर तो जगत होता.

बुनीने त्याच्या कपाळावरची माती पुसली. “नाही रे दादा. कान शाबूत आहेत तुझे. मीच जागा सोडली. ढोल घेऊन लोकांजवळ गेले होते. तू बरोबर ऐकलंस.”

“मूर्ख आहेस,” तो म्हणाला. त्याचा चेहरा सैल झाला. “बाबा असते तर छडीनं मारलं असतं तुला.”

“हो रे. मारलं असतं.”

दवाखान्यात पोहोचण्याआधीच तो गेला.

पण तिचे ते बोलणे सामचिलने ऐकले होते. दुखवट्याच्या जागी लोक तिखट रस्सा आणि भात खात बसले होते. तिथे तो ढसाढसा रडत प्रत्येकाला सांगत होता, “जन्मात कधी जागा सोडली नाही बाईनं, आणि त्याच दिवशी सोडली! माईक लागला ना, मिरवायचं होतं! माझा मित्र बहिणीच्या हौसेपायी गेला हो!” तो खोटे बोलत नव्हता. जे कानांनी ऐकले तेच सांगत होता. तरी मला आजही त्याचा राग येतो. बुनी तेव्हा तिथेच रस्सा वाढत होती. सगळ्या मैदानाने खेळ पाहिला होता, पण खाली बसलेल्या बाईकडे कोणी पाहिले नव्हते. सगळ्यांच्या माना आणि सगळ्यांचे फोन वर होते.

हेरिन आली ती रडून डोळे सुजवूनच. तिने बुनीला बाजूला घेतले. “मावशी, खरं सांगा. माईक चालू केला, त्यामुळं काही झालं का?”

हो म्हटले असते तर पुढचा प्रश्न आला असता. माईकने काय बिघडते, गिलबोककाकांना दोरी तर दिसत होती ना? मग डोळ्यांचे बाहेर आले असते. गिलबोक आंधळा होता, ढोलाच्या आधाराने चाचपडत होता, असे लोक म्हणाले असते. बुनीने मान हलवली.

“नाही गं पोरी. माझं चुकलं. तू जेव, उपाशी दिसतेस.”

आता त्या गावात दर महोत्सवाला गिलबोकचे मोठे चित्र लावतात. जन्मात ज्याचा पाय चुकला नाही असा कलावंत, असे सांगतात, आणि मग आवाज खाली आणून बहिणीचेही सांगतात. बुनीला कोणी बोलावत नाही. मेळ्यातल्या लोकांनी तिच्याकडे जाणे-येणे सोडले. ती बाजारात मुळे आणि कोबी विकते. एकदा सामचिल समोरून आला आणि रस्ता ओलांडून निघून गेला. ते तिने इथे रांजणातून किमची काढताना स्वतःशीच सांगितले, आणि मी ऐकले. माझ्याकडे तिने पाहिलेही नाही. वाजवून झाले की ढोलाच्या दोऱ्या सैल करायच्या असतात, नाहीतर कातडे ताणलेलेच राहते. त्या दिवसानंतर माझ्या दोऱ्या कोणी सोडल्या नाहीत. पहिल्याच कडक थंडीत माझे पातळ कातडे फाटले. मोठा आवाज झाला होता. बुनी दार उघडून आली, दिवा धरून उभी राहिली, आणि आत निघून गेली.

मी तिला दोष देत नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरातला ढोल, पेटी, तबला जे काही असेल त्याला विसरू नका. वाद्य मुकाट्याने फाटते. आणि आणखी एक सांगतो, ते त्याहून मोठे आहे. तुमच्या घरात कोणी भिंतीला हात लावून चालत असेल, चहा अंदाजाने ओतत असेल, वाचता येत नाही म्हणून चष्मा हरवल्याचे सांगत असेल, तर त्याच्या लपवण्यात सामील होऊ नका. तो रागावेल, ओरडेल, बोलणे टाकेल. टाकू द्या. आणि जमिनीवर उतरल्यावरही त्याला मान देत जा. गिलबोकला तो मिळेल असे वाटले असते, तर तो आपणहून उतरला असता.

तुम्ही कधी आमच्याकडे आलात आणि त्या चित्राखाली कोणी तुम्हाला ती गोष्ट सांगू लागले, तर त्याला मधेच थांबवा. सांगा की आम्ही ढोलाकडून ऐकले आहे. बुनी जागेवरून हलली नव्हती. खांबाखाली, नदीकडच्या टोकाला, जिथे दोरी संपते तिथेच ती बसली होती, आणि शेवटपर्यंत वाजवत होती.